मंठाळच्या रस्त्यावर दाजींची टर्बो

१९८६ च्या फेब्रुवारीत बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळ गावी माझ्या बहिणीचे सासरे वारले. त्यांना बीदरच्या दवाखान्यात हलवण्यासाठी त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे दाजी माणिकराव, त्या दिवशी सकाळीच भालकीहून स्वतःची गाडी घेऊन निघाले होते. रस्ता दोन तासांचा. ते पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि चितेला अग्नी धाकट्या भावाने दिला होता. गाडीत दाजींच्या शेजारी मी बसलो होतो.

दाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, विचारून हे लिहितो आहे. ती म्हणाली, "लिही. आता कुणाच्या जिवाला लागणार हाय?"

भालकी

सोलापूरहून निघून उमरग्याला बस बदलली आणि दुपारी भालकीला उतरलो. उसाचे दिवस होते. स्टँडबाहेर बैलगाड्यांची रांग लागली होती आणि मळीचा आंबूस वास गावभर होता. पिशवीत कपड्यांच्या घडीत एक लहान खोका होता. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने तो मुंबईहून मिळवून दिला होता. त्यात दोन पितळी बुश, काही रिंगा आणि वॉशर होते. दाजी दोन महिने त्याची वाट पाहत होते.

"आणलास का?" मी चपला काढायच्या आत दाजींनी विचारलं.

"पाव्हण्याला आधी पाणी तर घेऊ द्या," अक्का आतून म्हणाली.

"पाणी कुठं पळून जायलंय का? हे सामान मात्र भालकीत न्हाई, बीदरात न्हाई, हैदराबादेतबी न्हाई."

दाजी बरीच वर्षं कुवेतला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. परत येताना त्यांनी आपली जुनी गाडी जहाजाने मुंबईला आणली आणि तिथून स्वतः चालवत भालकीला नेली. युरोपात तयार झालेली डिझेल गाडी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरचे दोन लहान पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, त्यामुळे दुसरा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. गाडीला जोर येतो आणि बारीक शिट्टीसारखा आवाज होतो. भालकीत त्या गाडीला 'माणिकरावाची शिट्टी' म्हणत. बाजारात दाजींची चौकशी केली तर लोक सांगत, "शिट्टी आत्ताच गेली कारखान्याकडं."

या गाडीला हात लावू शकेल असा मिस्त्री जवळपास नव्हता. दाजींनाही तो नको होता. अंगणात पत्र्याची शेड घालून ते सगळं स्वतः करत. ट्रकच्या भंगारातून काढलेला तेल थंड करण्याचा रेडिएटर त्यांनी पुढच्या जाळीमागे बसवला होता. टर्बोचा जोर वाढवण्यासाठी त्याच्या झडपेची स्प्रिंग बदलली होती, आणि चढावर गाडी आता पहिल्यापेक्षा जोरात जाते असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सगळ्यात अलीकडचं काम गाडीच्या आत होतं. मागची सीट कापून त्यांनी सागवानी फळी बसवली होती. डोक्याकडची बाजू उंच, तिच्यावर गादी, दोन्ही बाजूंना हाताला धरायला पितळी दांडे.

ही जागा आप्पांसाठी होती. आप्पा म्हणजे दाजींचे वडील. ते मंठाळला धाकट्या मुलाकडे, व्यंकटकडे, राहत. त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. आडवं पडलं की दम लागायचा आणि बसून प्रवास करण्याची ताकद राहिली नव्हती. बीदरला न्यायचं तर कसं, हा प्रश्न होता. आप्पांनी स्वतः एकच गोष्ट सांगितली होती: बसमध्ये चढणार नाही, दुसऱ्याच्या जीपमध्ये बसणार नाही, माणिक नेत असेल तर येतो.

आणि माणिकची गाडी टर्बोचे बुश, म्हणजे दांड्याभोवतीच्या पितळी कड्या, झिजल्यामुळे शेडमध्ये उभी होती.

रात्री जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी होती. इथे अंबाडीला पुंडी म्हणतात आणि तिच्यात ज्वारीच्या कण्या घालतात. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

"कामून? सोलापुरात अंबाडी मिळंना झाली का?" दाजी म्हणाले.

"मिळते. पण तिथं डाळ घालतात."

"मग तुमची सोलापूरची माणसं डाळ खायलेत. अंबाडी कुठं खायलेत?"

बीदर

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने बीदरला गेलो. भालकीची जमीन काळी. बीदर जवळ येतं तशी ती लाल होते आणि विहिरींच्या कडाही विटेसारख्या लाल दिसतात. दुकानांवरच्या पाट्या कानडीत, आत हिशेबाची बोलणी उर्दू वळणाच्या हिंदीत, आणि बसमध्ये माझ्या मागे बसलेली बाई मुलाला मराठीत रागे भरत होती. दाजी या तिन्ही भाषांत सारख्याच वेगाने बोलत.

आधी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी खाट मिळेल असं सांगितलं, पण उशीर करू नका असंही सांगितलं. डोकं उंच ठेवून आणा, म्हणाले. दाजींनी त्यांना फळीचा उतार हाताने हवेत दाखवला. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. असंच आणा."

तिथून लेथवाल्या चाचांकडे. टर्बोच्या दांड्याला तेल पोचवणारी एक बारीक नळी असते. दांडा तेलावर तरंगत फिरतो. तेल थांबलं तर जळतो. ही नळी जुनी होती. चाचांनी ती उजेडाकडे धरून एका डोळ्याने आत पाहिलं.

"ये नली बुड्ढी हो गई, माणिकराव. अंदर कोयला जमा है. जुम्मे के बाद आव, नवी बनाको देतूँ."

"जुम्मे तक मेरा बाप रुकना ना चाचा."

चाचांनी तारेचा तुकडा उचलला. नळी तारेने घासली, डिझेलमध्ये बुडवली, फुंकली, पुन्हा घासली. काळं पाणी येणं थांबलं तेव्हा दाजींच्या हातात दिली. पलीकडचा उजेड दिसत होता. दाजींनी मलाही दाखवला. तांब्याचे नवे वॉशर आणि इंजिन ऑइलचा डबा घेऊन आम्ही संध्याकाळच्या बसने परत आलो.

शेडमध्ये

तिसऱ्या दिवशी टर्बो जोडला. दाजींनी जमिनीवर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर एकेक भाग मांडला. मला एकच काम होतं: बॅटरी धरणं. बुश बसवताना त्यांनी बोलणं बंद केलं. मग पंख्याला बोटाने टिचकी मारली. तो बराच वेळ फिरत राहिला.

"बघ. आवाज येतोय का?"

"नाही."

"येत न्हाई म्हणजे बरोबर बसलंय."

दुपारी गाडी सुरू झाली. आम्ही उदगीर रस्त्यावर चक्कर मारून आलो. शिट्टी पूर्वीसारखी वाजत होती. घरासमोर थांबल्यावर दाजींनी इंजिन लगेच बंद केलं नाही. ते तसेच चालू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. ते नेहमी असंच करत. गाडी जोरात चालून आली की टर्बो लाल होण्याइतका तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं की तेल फिरायचं थांबतं आणि आत अडकलेलं तेल जळून कोळसा होतो. म्हणून थोडा वेळ हळू चालू ठेवून मग बंद करायचं.

यावरून भालकीत त्यांची थट्टा होत असे आणि थोडी नाराजीही. आमच्याकडे सोलापुरात स्कूटर चालू ठेवून, एक पाय जमिनीला टेकवून लोक अर्धा तास बोलतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. या भागात तसं नाही. कोणाच्या दारात गाडी चालू ठेवून बसणं म्हणजे उतरायची इच्छा नाही, असा अर्थ होतो. वडीलधारं माणूस समोर आलं की इंजिन आधी बंद करायचं, मग नमस्कार. दाजींना हे माहीत होतं. दुसऱ्याकडे गेलं की ते दारापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून तिला थंड करत आणि मग दारात आणून बंद करत. लोक म्हणत, माणिकराव सासरी येणाऱ्या नवरीसारखे येतात, आधी वेशीत थांबून.

अक्काने त्या दिवशी फळीवरच्या गादीला नवा अभ्रा घातला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघायचं ठरलं होतं.

निघताना

सकाळी दाजी दाढी करत असताना बसवकल्याणकडून, इथल्या बोलण्यात नुसत्या कल्याणकडून, आलेल्या बसचा कंडक्टर दारात आला. या भागात निरोप असेच येतात. तो स्टँडवरून चालत आला होता.

"माणिकराव, मंठाळहून व्यंकटनं सांगितलंय. आप्पाचं बोलणं कमी व्हायलंय. थोरल्याला लवकर ये म्हणायलेत."

"शुद्धीत हायत का?"

"हायत म्हणला. माणसं ओळखायलेत."

दाजींनी अर्धी दाढी तशीच पुसली. गाडीत अक्का मागे फळीच्या कडेला बसली, मी पुढे. वाटेत हुलसूरला दाजींची बहीण सुशीला दिलेली होती. तिला घ्यायचं होतं. आप्पांची ती एकुलती मुलगी. तिला न घेता पुढे जाणं कोणाच्या मनातही आलं नाही.

दाजींनी गाडी जोरात नेली. रस्ता खराब होता, पण त्यांचं लक्ष खड्ड्यांकडे नव्हतं. समोरून येणाऱ्या उसाच्या गाड्या टाळताना मी दोनदा डोळे मिटले. डाव्या बाजूला बसून चालवणाऱ्या माणसाला पुढचं वाहन ओलांडताना रस्ता दिसत नाही. तो उजवीकडे बसलेल्याने सांगायचा असतो. "चला", "थांबा", एवढेच शब्द मी बोलत होतो.

हुलसूर

सुशीलाचं घर भर रस्त्यावर आहे. गल्लीच्या तोंडाशी थांबायला तिथे गल्लीच नाही. दाजींनी गाडी दारासमोर उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. सुशीलाचे सासरे बळवंतकाका ओसरीवर बसले होते. सत्तरीचे, उंच, डोक्याला रुमाल. गाडी पाहून ते स्वतः उठून रस्त्यावर आले.

"या माणिकराव. उतरा, उतरा."

"काका, आप्पाचं कमी-जास्त व्हायलंय. सुशीला बसली की निघतो. दोन मिनिटं गाडी चालूच ऱ्हाऊ द्या."

"व्हय, कळलं मला. आवरायलीय ती. तवर चहा घ्या."

"चहाला वेळ न्हाई, काका."

"चहाला कुठं वेळ लागतोय? चुलीवर हाय. अन् व्याह्याच्या दारात गाडी घुरघुरत ठेवून कोण बोलतंय का? लोक म्हणतील म्हाताऱ्यानं लेकराला पाणीबी विचारलं न्हाई."

"तसं न्हाई काका, हिला जरा थंड व्हायला..."

"हिला ऱ्हाऊ द्या. तुम्ही थंड व्हा आधी. तोंड बघा केवढंसं झालंय."

असं म्हणत त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. ते हसले. "ट्रॅक्टर हाय घरी. किल्ली कुठं असते, कळतंय मला."

इंजिन बंद झालं. दाजींचा हात किल्लीवर गेला. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग किल्ली सोडली, खाली उतरले आणि वाकून काकांच्या पाया पडले.

आम्ही ओसरीवर चहा घेतला. सुशीला गाठोडं घेऊन बाहेर आली. ती रडत होती. तिच्या सासूने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. काका दाजींच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत आले. म्हणाले, "आप्पाला सांगा, बळवंता उद्या येतोय. माझ्याशी बोलल्याबिगर कुठं जायचं न्हाई म्हणावं."

कल्याणच्या अलीकडे

हुलसूर सोडल्यावर थोड्या अंतरावर चढ लागतो. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची काढणी चालली होती. चढावर शिट्टी वाढत गेली आणि एकाएकी तिची किंकाळी झाली. अक्काने कानांवर हात ठेवले. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, मग एक ठोका, मग काहीच नाही. इंजिन चालू होतं पण गाडीत जोर उरला नव्हता. मागे निळ्या धुराचा लोट. दाजींनी गाडी बाभळीखाली घेतली आणि या वेळी लगेच बंद केली.

बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून त्यांनी टर्बोची रबरी नळी काढली. पंखा फिरत नव्हता. त्याच्या एका पात्याची कड तुटलेली होती.

ते तसेच वाकून पाहत असताना मागून बस आली. ती भालकीहून परत कल्याणला निघालेली तीच बस होती आणि सकाळचा कंडक्टर दारात उभा होता. त्याने न सांगता घंटी मारून बस थांबवली.

"काय झालं माणिकराव? बसा सगळेजण. गाडी ऱ्हाऊ द्या इथं. कोण नेणार हाय तिला?"

अक्का खाली उतरलीच होती. "चला की तुम्हीबी," ती दाजींना म्हणाली. "गाडीचं नंतर बघता येतंय."

"नंतर आप्पाला कशात घालून न्यायचं? बसमधी ते चढणार हायत का?"

"आधी भेटा तर खरं."

"भेटून काय करू? बघत बसू? डॉक्टरनं खाट धरून ठेवलीय. तुम्ही दोघी व्हा म्होरं. टर्बो बाजूला काढून हवेची नळी सरळ इंजिनाला जोडली की झालं. अर्ध्या तासात तुमच्या मागं हाय."

अक्का त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. बसमधून कोणीतरी ओरडलं, "चला की ओ, ऊन व्हायलंय." दाजींनी सुशीलाचं गाठोडं उचलून बसमध्ये ठेवलं आणि तिला म्हणाले, "आप्पाला सांग, माणिक गाडी घेऊन यायलाय. नक्की सांग."

"सांगते दादा."

बस गेली. दाजींनी शर्ट काढून मिररला अडकवला.

अर्ध्या तासाचा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. टर्बोशिवाय ते इंजिन साध्या डिझेल इंजिनासारखं चालतं. जोर कमी, धूर जास्त, पण चालतं. तेलाची बारीक नळी त्यांनी पकडीने चेपून दुमडली आणि तारेने बांधली. अडचण दुसरीच निघाली. पात्याचा तुटलेला तुकडा सापडत नव्हता. तो हवेबरोबर इंजिनाच्या आत गेला असेल आणि इंजिन सुरू केलं, तर सगळंच संपणार होतं. तुकडा दिसल्याशिवाय किल्ली फिरवता येत नव्हती.

दाजींनी हवेची एकेक नळी सोडवली, झटकली, आत बोटं घातली. तुकड्याचा एक भाग मिळाला, नखाएवढा. त्यांनी तो तुटलेल्या पात्याला लावून पाहिला. जुळला, पण मधे फट राहत होती. अजून एक होता.

"सोडून देऊ या का?" मी विचारलं. "ट्रक मिळेल एखादा. मंठाळ किती लांब आहे?"

"मधू, आता हे उघडून ठेवून कुठं जाऊ? इथं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत चाकंबी ऱ्हात न्हाईत."

मी भाकरीचं फडकं सोडलं. त्यांनी मानेने नको म्हटलं. मी एक भाकरी खाल्ली.

ऊन कलायला लागलं तेव्हा कारखान्यावरून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. चालकाने वरूनच विचारलं, "अण्णा, एनाय्तु?" काय झालं ते दाजींनी कानडीत सांगितलं. तो खाली उतरला. पाण्याची जुनी रबरी नळी त्याच्या सीटखाली होती, ती त्याने दिली. दाजींनी ती मापाने कापली. मग त्याच्याकडून मोठा पाना घेऊन इंजिनावरचा हवेचं संपूर्ण नळकांडं उतरवलं. दुसरा तुकडा तिथे होता, वळणाच्या खोबणीत तेलात चिकटलेला. दाजींनी तो काढला, पहिल्याशेजारी पात्याला लावला. फट राहिली नाही.

"बघ," ते म्हणाले. "आत गेला न्हाई."

नळकांडं पुन्हा चढवायला वेळ लागला. बोल्ट जुने होते. ट्रॅक्टरवाला शेवटचा बोल्ट आवळून मगच गेला. गाडी सुरू झाली. शिट्टी नव्हती. मागे काळा धूर होता. आम्ही बैलगाडीपेक्षा थोड्या जास्त वेगाने कल्याण ओलांडलं. तिथला किल्ला डावीकडे होता की उजवीकडे, मला आठवत नाही.

मंठाळ

गावाच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेने माणसं येत होती. वीस-पंचवीस असतील. सगळ्यांची धोतरं ओली होती आणि खांद्यावर ओले पंचे होते. गाडी पाहून ती थांबली. दाजींनी गाडी उभी केली. काच खाली होती. पुढचा म्हातारा खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "लई वाट बघितलो रे माणिक. दिवस टेकला, मग उचललो."

व्यंकट मागे होता. त्याच्या हातात मडक्याची दोरी होती. दाजी खाली उतरले. दोघं भाऊ रस्त्यावरच एकमेकांच्या गळ्यात पडले. बाकीची माणसं बाजूला होऊन उभी राहिली.

दाजी तिथून गावाकडे वळले नाहीत, ओढ्याकडे गेले. मी आणि व्यंकट मागे होतो. ते जाळापासून काही अंतरावर बसले. जाळ अजून उंच होता. कोणी त्यांना उठ म्हटलं नाही. अंधार पडल्यावर ते स्वतः उठले, ओढ्यात अंघोळ केली आणि घरी आले.

ओसरीवर बसल्यावर त्यांनी व्यंकटला पहिला प्रश्न विचारला.

"पाणी कुणी दिलं?"

या घराण्यात शेवटचं पाणी थोरल्या मुलाच्या हातचं असतं. थोरला नसेल तर धाकट्याच्या.

"मी दिलो दादा," व्यंकट म्हणाला.

"पिले का?"

"पिले. दोन घोट पिले."

दाजींनी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले. नंतर व्यंकटच्या बायकोने समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतला.

तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत मी मंठाळला राहिलो. गाडी घराच्या मागे चिंचेखाली उभी होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. टर्बो का बिघडला याबद्दल नंतर मी तीन माणसांची मतं ऐकली. बीदरचे लेथवाले चाचा म्हणाले, नळी जुनी होती, आतला कोळसा सुटून तेल अडलं असेल. लातूरच्या एका मिस्त्रीने झडपेची बदललेली स्प्रिंग पाहून सांगितलं की टर्बो त्याच्या मापापेक्षा जास्त जोरात फिरत होता. मी स्वतः हुलसूरच्या किल्लीबद्दल दाजींना विचारलं. ते म्हणाले, एकदा बंद केल्यानं असं होत नाही. मग म्हणाले, "काकाला हे बोलायचं न्हाई." बळवंतकाका दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला आले होते आणि ओसरीवर सगळ्यांत जास्त तेच रडले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. कारण शेवटपर्यंत निश्चित झालं नाही.

दाजींनी नंतर ती गाडी दुरुस्त केली आणि विकली. मागची फळी काढून घेतली होती. ती भालकीच्या घरी माळ्यावर आहे.

मंठाळहून सोलापूरला निघायच्या आधी मी एक गोष्ट मात्र विचारून घेतली, आप्पांचा शेवट कसा झाला. ती मी दाजींच्या हयातीत लिहिली नाही.

अक्का म्हणाली, त्या दोघी पोचल्या तेव्हा आप्पा तक्क्याला टेकून बसले होते. डोळे उघडे होते. त्यांनी सुशीलाला नावाने हाक मारली. सुशीलाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "दादा गाडी घेऊन यायलाय." त्यांनी विचारलं, "कुठवर आलाय?" ती म्हणाली, हुलसूर सोडलंय.

सुशीलानेही हेच सांगितलं. मध्ये काही काळ ते दाराकडे तोंड करून बसले होते. मग श्वास लागला. व्यंकट तांब्या घेऊन पुढे झाला.

पुढचं मी व्यंकटला वेगळं विचारलं. तो गोठ्यात होता. आधी तो म्हणाला, दोन घोट पिले. मी तिथेच उभा राहिलो. मग त्याने हातातली पेंढी खाली ठेवली.

"न्हाई पावणं," तो म्हणाला. "तोंड मिटून घेतले. तांब्या हातानं बाजूला सारले. माणिक येऊ दे म्हणले."

अक्का आणि सुशीला, दोघीही तिथे होत्या. दोघींनी त्याच शब्दांत सांगितलं. त्यानंतर आप्पा बोलले नाहीत आणि त्यांनी पाणी घेतलं नाही.